चूल वेगळी, भिंत एक

सदरमधल्या आमच्या जुन्या घराची एक भिंत सिस्टरच्या घराला लागून होती. सिस्टर म्हणजे दवाखान्यात नर्स असलेल्या आमच्या शेजारीण. सगळा मोहल्ला त्यांना सिस्टर म्हणायचा, आम्ही पोरं तेवढी मावशी म्हणायचो. मावशी पक्क्या ख्रिस्ती. रविवारचं चर्च चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. ड्यूटीवरून थेट पांढऱ्या साडीतच जायच्या, पण जायच्या.

रमजानात पहाटे साडेतीनच्या सुमारास त्या भिंतीवर लाटण्याचे तीन ठोके पडत. अम्मी आतून एक ठोका परत द्यायची. त्याचा अर्थ, उठलो. आमच्याकडे गजराचं घड्याळ होतं, पण ते दिवसाला पाच-सात मिनिटं मागं पडायचं आणि ते पुढं करून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. मावशींची झोप ड्यूटीनं घडवलेली होती, तिला घड्याळ लागत नसे. रात्रपाळी असली तर त्या आदल्या संध्याकाळी येऊन बजावून जायच्या, "आज मी नाही, बरं का भाभी. आज तुमचं तुम्ही उठा."

एका रमजानात अब्बांचं ऑपरेशन झालं. रात्री तरावीह आटोपून अम्मी दारात बसली होती, मावशी पायरीवर. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो, म्हणजे कान बाहेर होते. मावशी म्हणाल्या, भाईसाहेबांसाठी मी रोज प्रार्थना करते.

अम्मीनं विचारलं, "कोणाच्या नावानं?"

"येशूच्या. दुसऱ्या नावानं मागता येत नाही बाप्पा मला."

"तब्येतीचंच मागता, का अजून काही?"

मावशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "अजूनही मागते. तुम्हा सगळ्यांना तो कळावा म्हणून मागते. खोटं कशाला सांगू?"

मला घाम फुटला. आता काही तरी तुटणार असं वाटलं. अम्मी शांतपणे म्हणाली, "मीही मागते, सिस्टर. तुम्हाला कलमा नसीब व्हावा म्हणून. रोज मागते."

बाहेर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दोघी हसल्या. मावशी म्हणाल्या, "मग बघू, आधी कोणाचं ऐकतो ते." आणि अम्मी चहा टाकायला आत आली.

त्यानंतर वीसेक वर्षं त्या शेजारी राहिल्या. दोघींच्याही मागण्यातलं काही फळाला आलं नाही. लाटण्याचे ठोके मात्र चालू राहिले.

हा प्रसंग आज आठवायचं कारण कॅलेंडरवर आहे. यंदा १८ फेब्रुवारीला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार होता. त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस काढून त्यांचा लेंट म्हणजे चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. दुसऱ्याच दिवशी आमचा पहिला रोजा. नागपुरात दोन्ही उपवास एकाच आठवड्यात सुरू झाले, आणि मला ती भिंत आठवली.

दोन धर्मांच्या मैत्रीबद्दल आपण लिहितो-बोलतो तेव्हा बहुतेक वेळा सोप्या मैत्रीबद्दलच बोलतो. दोघांनाही धर्माचं फारसं सोयरसुतक नसलं तर मैत्रीत अडचण कसली? ईदला शीरखुर्मा, नाताळला केक, दिवाळीला चिवडा, झालं. खरी परीक्षा असते ती अम्मी-मावशींसारख्यांची. आपला मार्ग खरा आहे असं मनापासून मानणाऱ्या माणसाला त्या मार्गावर नसलेलं माणूस जिवलग वाटतं, तेव्हा तो काय करतो?

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रेषित पौलानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांत दोन सल्ले आहेत. एकात तो बैलांच्या जुवाचा दाखला देतो. विश्वास ठेवणारा आणि न ठेवणारा यांनी एका जुवाला मान देऊ नये, ते विजोड होतं. विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. एक बैल ताठ आणि दुसरा आखूड असला की तास वाकडं जातं. पण तोच पौल आधीच्या पत्रात म्हणतो की लग्न आधीच झालेलं असेल आणि विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल, तर त्याला सोडू नका. लग्नापुरतं पाहिलं तर पहिला सल्ला नवं जू बांधणाऱ्यासाठी आहे आणि दुसरा आधीच बांधलेल्यासाठी. दोन हजार वर्षं ख्रिस्ती घरांतून या दोन सल्ल्यांची ओढाताण चालू आहे. मुलीचं लग्न बाहेर ठरतंय म्हटलं की पहिला काढतात, ठरूनच गेलं की दुसरा.

आमच्याकडेही हीच ओढाताण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कुरआनातल्या सूरह माइदामध्येच दोन्ही सूर सापडतात. एका आयतीत यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना 'वली' करू नका असं आहे. त्याचा अर्थ काही जण सरळ 'मित्र' असा लावतात. अनेक अभ्यासक सांगतात की वली म्हणजे संकटकाळी ज्याच्या पाठबळावर राहायचं तो, आणि हा हुकूम लढाईच्या काळातला आहे. त्याच सूरहमध्ये त्यांच्या घरचं अन्न हलाल ठरवलं आहे, त्यांच्या स्त्रियांशी निकाहाची मुभा दिली आहे, आणि मोमिनांना प्रेमात सगळ्यांत जवळचे कोण वाटतील तर स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे, असंही सांगितलं आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान समुद्र ओलांडून गेले ते हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे, हे आमच्या पोरांना मदरशात पहिल्या वर्षीच कळतं. आणि 'माइदा' म्हणजे काय? दस्तरखान. हजरत ईसांच्या साथीदारांनी आकाशातून वाढलेलं ताट मागितलं, त्या गोष्टीवरून सूरहला हे नाव पडलं. रोज संध्याकाळी आपण ज्यावर खजूर मांडतो, त्याच्या नावाच्या सूरहमध्ये येशूच्या शिष्यांचं जेवण आहे.

ग्रंथांचं इतकं पुरे. माणसं काय करतात ते पाहू. मराठीत या प्रश्नाची सगळ्यांत मोठी गोष्ट घडली तिची सुरुवात आपल्या नागपुरातली आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

नारायण वामन टिळक १८९१ च्या सुमारास नागपुरात आले. कवी, संस्कृतचे पंडित, कोकणस्थ ब्राह्मण, डोक्यात सतत काही तरी नवं आणि खिशात बहुधा काही नाही. नागपूरच्या आप्पासाहेब बुटींनी संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी त्यांना आश्रय दिला. बुटी हे नाव नागपूरकरांना सांगायला नको. शिर्डीला ज्या इमारतीत साईबाबांची समाधी आहे, तो वाडाही नागपूरच्या बापूसाहेब बुटींनीच बांधलेला. टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं. धर्मात सुधारणा व्हावी, जातिभेद जावा, या विचारानं त्यांना पछाडलं होतं.

१८९३ मध्ये ते नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. आजही हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या त्याच वाटेनं जातात. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. भाकितांवर माझा विश्वास नाही, पण हे खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्या लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे होत्या, आणि पुढं पंढरपूरला त्यांचा मुक्काम झाला. त्या काळात नवरा बाटला म्हणजे काय, हे आज समजायला अवघड जातं. नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही. नवरा धर्माबाहेर, म्हणून संसार नाही. कपाळावर कुंकू, आणि ते कुणाच्या नावाचं हे बोलायचं नाही. निर्णय एकानं घेतला आणि किंमत दुसरीनं मोजली. टिळकांबद्दल मला खूप आदर आहे, पण या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा नाही. सत्य सापडलं म्हणून धावत सुटणाऱ्या माणसाला मागं कोण राहिलं ते दिसत नाही. हे सगळ्याच धर्मांतल्या धावणाऱ्यांना लागू आहे, आमच्यातल्याही.

मात्र त्यानंतर टिळकांनी जे केलं, आणि जे केलं नाही, ते पाहण्यासारखं आहे. १८६६ पासून इंग्रजी राज्यात एक कायदा होता. एखादा हिंदू ख्रिस्ती झाला आणि त्या कारणानं जोडीदार त्याच्याजवळ नांदायला तयार नसला, तर त्याला कोर्टातून तो विवाह मोडून घेता येई, नवं लग्नही करता येई. टिळकांनी त्या वाटेला पाऊल टाकलं नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. दोघांच्या भेटी झाल्या, रुसवे झाले, रडारड झाली, आणि शेवटी लक्ष्मीबाई नगरकडे त्यांच्याजवळ राहायला गेल्या. गेल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं आणि टिळकांनी ते सोडायला लावलं नाही. एकाच संसारात एक मिशनचा ख्रिस्ती प्रचारक आणि एक सोवळं सांभाळणारी ब्राह्मण बायको. दोन्हीकडच्या लोकांना ते विचित्रच वाटलं असणार. हिंदूंच्या दृष्टीनं ती अर्धी बाटलेली, मिशनच्या दृष्टीनं तो अर्धवट ख्रिस्ती, ज्याला स्वतःची बायकोसुद्धा वळवता आली नाही.

यातली खरी गोम अशी की लक्ष्मीबाई बदलल्या त्या नवऱ्याच्या प्रवचनांनी नाही. आधी त्यांच्या मनातून जात गेली. देवानं माणूस केला असेल तर त्यात उच्च-नीच कुणी घातलं, असा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला, आणि एकदा पडल्यावर त्यांनी तो सोडला नाही. कुणाच्याही हातचं पाणी पिण्याचा निश्चय आधी, बाप्तिस्मा नंतर. तो १९०० मध्ये झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली, आणि बायको कधीच आली नसती तरी पाहत राहिले असते, असं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटत राहतं. ज्यांनी ते पुस्तक वाचलं नसेल त्यांनी या महिन्यात वाचावं. रोज्याच्या दुपारी वेळ जात नाही तेव्हा त्यासारखं औषध नाही. बाई स्वतःवर हसतात, नवऱ्यावर हसतात, आणि हसता हसता वाचणाऱ्याच्या घशाशी हुंदका आणतात.

नागपूर आणि आगगाडी यांच्यामुळे सुरू झालेली ही गोष्ट बाप्तिस्म्यापाशी संपत नाही. उलट, माझ्या विषयाचा अर्धा भाग तिथून पुढं आहे. आता घर ख्रिस्ती झालं होतं. मग बाहेरच्यांचं काय?

१९०७ मध्ये जळगावला कवींचं संमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या एका पोरानं कविता म्हणून सगळ्यांना चकित केलं आणि 'बालकवी' ही पदवी मिळवली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. टिळक त्या संमेलनात होते. पुढं हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला, घरातलाच झाला. लक्ष्मीबाईंनी त्याला आईच्या मायेनं सांभाळलं आणि मिशनच्या शाळेत त्याला कामही मिळालं. एका ख्रिस्ती प्रचारकाच्या घरात हिंदू घरातला हळवा, लहरी कवी. आपल्या पाठ्यपुस्तकातली श्रावणाची, निर्झराची, फुलराणीची कविता ज्याची, तो हा मुलगा. त्या घराचं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याच्या कवितेवर त्याहून जास्त. तो हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. ५ मे १९१८ ला जळगावजवळच्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना तो गाडीखाली सापडला. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती त्याची. टिळक त्यानंतर वर्षभरच जगले. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले.

पण जाण्याआधी त्यांनी एक धाडस केलं होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्याशाच्या वृत्तीनं राहू लागले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात येशूच्या मार्गानं चालू पाहणाऱ्या कुणालाही जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो किंवा नसो. चर्चच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट. बाप्तिस्मा म्हणजे दाराची चौकट, आणि हा माणूस म्हणतो, चौकटीच्या बाहेर बसलेलेही माझ्याच बैठकीतले. ज्यानं एके काळी एका बाप्तिस्म्यासाठी घर मोडलं, त्यानं अखेरीस बाप्तिस्म्याची अट बाजूला ठेवावी, यात मधल्या पाच वर्षांचा काही हात असेल का? बायको सोवळ्यात आणि आपण बाहेर, असे ते दिवस त्यांना आठवत असतील का? त्यांनी तसं म्हटलेलं नाही. ही माझी समजूत आहे. तो दरबार टिळकांच्या मागं फार टिकला नाही. अशा गोष्टी टिकत नाहीत. लक्ष्मीबाईंनी मात्र त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हाती घेतलं. टिळकांचे थोडेच अध्याय झाले होते, बाईंनी आणखी चौसष्ट लिहिले. जिला नवऱ्याचा धर्म नको होता, तिनं त्याच्या धर्माचं महाकाव्य पुरं केलं.

टिळकांची गोष्ट घरातली होती. जाहीर जीवनातली असलीच जवळीक पाहायची तर नागपूरहून गाडीनं दीड-दोन तासांवर वर्धा आहे. तिथे मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहिले. मूळचे तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती, लंडनला हिशेबतपासणी शिकलेले, अमेरिकेत अर्थशास्त्राचे धडे घेतलेले. १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि साहेबी कपडे सुटले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचा कारभार त्यांच्याकडे आला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत घाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांचे प्रयोग सुरू झाले. गांधीजींनी गमतीनं त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हणायला सुरुवात केली.

आश्रमाच्या वातावरणात राहून कुमारप्पांचं ख्रिस्तीपण पातळ झालं असेल, असं कुणाला वाटेल. झालं उलटंच. १९३० च्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालत होत्या तेव्हा त्यांनी कलकत्त्याचे मुख्य बिशप वेस्टकॉट यांना जाब विचारला की येशूचे म्हणवणारे तुम्ही गप्प कसे. १९४२ नंतर तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर, आज पर्यावरणवाले ते शोधून वाचतात. दुसरं येशूच्या आचार-विचारांवर. दोन्ही एकाच कोठडीतली. गांधीजींना धर्मांतरं पसंत नव्हती हे सगळ्यांना माहीत आहे, कुमारप्पांनाही होतं. तरी एकानं दुसऱ्याला आपल्याकडे ओढलं नाही. कुमारप्पा गेले तो दिवस ३० जानेवारी १९६०. तारीख पाहून वर्ध्यातली जुनी माणसं काय म्हणाली असतील, याचा अंदाज करता येतो.

गांधीजींच्या भोवतालचा दुसरा ख्रिस्ती म्हणजे चार्ल्स अँड्र्यूज, लोकांनी ज्यांना दीनबंधू म्हटलं. गांधीजींना 'मोहन' म्हणून हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतले हे एक. आमच्या घरी त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मात्र दुसऱ्याच कारणानं. अब्बांच्या कपाटात दिल्लीच्या मौलवी जकाउल्लांवरचं एक पुस्तक होतं. जकाउल्ला म्हणजे गणिताचे शिक्षक, उर्दूत हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिणारे, नमाज-रोज्याचे पक्के, १९१० मध्ये गेलेले. हे चरित्र १९२९ मध्ये लिहिलं अँड्र्यूज यांनी. पाद्री म्हणून दिल्लीत शिकवायला आलेल्या त्या तरुण इंग्रजाला या म्हाताऱ्या मौलवीनं लळा लावला होता. आणि गंमत पाहा, जकाउल्लांचे स्वतःचे लाडके गुरू मास्टर रामचंद्र, हेही गणिती, १८५२ मध्ये ख्रिस्ती झाले होते. गुरूनं धर्म बदलला म्हणून शिष्यानं गुरू बदलला नाही. अब्बा म्हणायचे, मौलवीसाहेबांचं चरित्र लिहायला आपल्यातला कुणी सापडू नये याची शरम वाटते, आणि एका पाद्र्याला ते लिहावंसं वाटलं याचा आनंद होतो.

अँड्र्यूज यांचा एक प्रसंग या पानासाठीच घडल्यासारखा आहे. १९२४ मध्ये देशभर हिंदू-मुसलमान दंगे पेटले. कोहाटचं नाव सगळ्यांना आठवतं, पण आपलं नागपूरही त्या यादीत होतं, हे आपण विसरू नये. गांधीजींनी सप्टेंबरात दिल्लीला मौलाना मोहम्मद अलींच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. मुसलमानाच्या घरात हिंदूचा उपवास, आणि उशाशी सेवेला ख्रिस्ती. 'यंग इंडिया'चं कामही त्या दिवसांत अँड्र्यूज पाहत होते. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला. आधी इमामसाहेब बावजीरांनी सूरह फातिहा म्हटली. मग अँड्र्यूज यांनी येशूच्या क्रूसावरचं एक भजन गायलं. मग वर्ध्याहून आलेल्या विनोबांनी उपनिषद म्हटलं, 'वैष्णव जन' झालं, आणि डॉक्टर अन्सारींनी संत्र्याच्या रसाचा पेला पुढं केला.

ती संत्री कुठली होती याचा शोध मी बराच घेतला. ऑक्टोबरात नागपूरचा आंबिया बहार बाजारात असतो, एवढंच सांगतो.

या इफ्तारात एक गोष्ट माझ्या लक्षात राहते. कुणी दुसऱ्याची प्रार्थना म्हटली नाही. इमामसाहेबांनी क्रूसाचं भजन गायलं नाही, अँड्र्यूजनी फातिहा म्हटली नाही. प्रत्येकानं आपलीच म्हटली, पूर्ण म्हटली, आणि बाकीच्यांनी ऐकली. आजकाल सद्भाव म्हटला की लोक एकमेकांचे कपडे घालून फोटो काढतात. माझी त्याला हरकत नाही. पण अम्मीनं मावशींच्या नावानं मेणबत्ती लावली नाही आणि मावशींनी कधी रोजा धरला नाही. "मला नाही जमत बाप्पा तुमचं ते पाण्याशिवाय," एवढं म्हणून त्या आमच्याकडे इफ्तारला भजी तळायला यायच्या. तळताना एक तोंडात टाकायच्या नाहीत, मगरिबची अजान होईपर्यंत थांबायच्या. धर्म म्हणून नव्हे. समोर भाभी उपाशी बसलेली असताना घास उतरत नाही म्हणून.

मावशी गेल्या त्या लेंटमध्येच. नऊ वर्षं झाली. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. अम्मीला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, तरी ती कब्रस्तानापर्यंत आली. हा शब्द आमच्या दोघांचा एकच आहे. पाद्रीबाबांचं सगळं आटोपल्यावर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. अम्मीनंही टाकली, आणि ती हात उचलून थोडा वेळ उभी राहिली. मला ठाऊक होतं की इथे मगफिरतीची दुआ मागता येते की नाही यावर आमच्या आलिमांचं म्हणणं काय आहे. अम्मीलाही ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्त. परतताना रिक्षात मी विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, "काही नाही मागितलं. अल्लाला सांगितलं, ही सिस्टर. हिनं मला वीस वर्षं सहेरीला उठवलं."

मावशींचा मुलगा आता पुण्याला असतो. परवा त्याचा फोन आला. चर्चच्या कामासाठी बायकोसह नागपूरला येतोय, रविवारी इफ्तारला येऊ का म्हणाला. ये म्हटलं. मग जरा अडखळत म्हणाला, "पण आमचा लेंट चालू आहे, आम्ही दोघांनी मटण-कोंबडी सोडलीय." अम्मी तेव्हापासून काळजीत आहे. मोमिनपुऱ्यातून आणायचं म्हटलं तर सगळंच मटणाचं. डाळ, गहू आणि जव घालून बिनमटणाचा हलीम करून पाहायचं तिनं मनावर घेतलं आहे. घरात कुणाचाच त्यावर भरवसा नाही, म्हणून बाजूला भज्यांचं पीठही भिजवायचं ठरलं आहे.